मोफत बाकांचं चर्च

आपल्या बहुतेक जुन्या छावण्यांत इंग्रजांनी बांधलेलं अँग्लिकन चर्च दिसतं. पुण्यात आहे, मेरठला आहे. त्याच पंथाची अमेरिकी शाखा म्हणजे एपिस्कोपल. आज न्यूयॉर्कमधल्या अशा एका चर्चची गोष्ट.

सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू आणि विसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर 1846 मध्ये ते पुरं झालं. नाव चर्च ऑफ द होली कम्युनियन, वास्तुकार रिचर्ड अपजॉन. त्या काळी चर्चमधली बाकं भाड्याने दिली जात. म्हणजे देवाच्या दारीही पैसेवाला पुढे! पाद्री म्यूलेनबर्ग यांनी हे भाडं ठेवलंच नाही. कुणीही या, कुठेही बसा. सेंट ल्यूक्स रुग्णालयासाठी पहिली वर्गणीही त्यांनी इथेच गोळा केली.

1966 मध्ये शहराने इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. पुढच्या दहाएक वर्षांत चर्च मात्र बंद पडलं. मग व्यसनमुक्ती संस्था आली, आणि 1983 मध्ये चक्क नाइटक्लब, ‘लाइमलाइट’! अमली पदार्थांसाठी पोलिसांचे छापे पडले ते याच भिंतींआड. माझा आक्षेप नाचगाण्याला नाही. मेसमध्ये आम्हीही नाचलोय. पण कुणाला आत सोडायचं हे आता दारावरचा माणूस ठरवू लागला, ते खटकतं.

2010 मध्ये तिथे दुकानं थाटली, नंतर जिम. संरक्षित असल्यामुळे तपकिरी दगडाचा मनोरा अजून तसाच आहे. मोफत बाकं तेवढी गेली.