केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि ३८.९५ हा आकडा

‘प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने १९ वर्षे आधीच लावला होता’ असा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्यातील माणूस खरा आहे आणि त्याचा निबंधही खरा आहे. ‘शोध’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. मुंबई इलाख्यात शिक्षकाची नोकरी करीत असताना त्यांनी पाश्चात्त्य ग्रहगणित आत्मसात केले आणि ‘ज्योतिर्गणितम्’सारखे ग्रंथ संस्कृतात रचले. पंचांगातील ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी जुळलेच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. पंचांगवादात टिळक रेवतीपक्षाचे, तर केतकर चित्रापक्षाचे.

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ अशी नावे दिली. आधार होता लाप्लासचा. गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह एक फेरी करतो तेवढ्यात युरोपा दोन आणि आयो चार फेऱ्या करतो. असाच ताल युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापलीकडील ग्रहांतही असेल, हा केतकरांचा तर्क. पृथ्वी-सूर्य अंतर १ मानले तर ब्रह्माचे अंतर ३८.९५ आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे उत्तर आले.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो यांना प्लूटो सापडला. अंतर ३९.४८, प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे! त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले.

आकडे इतके जवळ आले की मोह होतो. पण असा मोह खगोलशास्त्राला आधीही पडला होता. बोडेच्या नियमानुसार मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये २.८ अंतरावर एक ग्रह हवा होता. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोत पियाझींना सेरेस दिसला, काही आठवड्यांनी सूर्याच्या तेजात हरवला, आणि २४ वर्षांच्या गाउसने मोजक्या वेधांवरून कक्षा काढल्यामुळे वर्षअखेरीस पुन्हा सापडला. अंतर २.७७, प्रदक्षिणाकाळ ४.६ वर्षे. नियम सिद्ध झाला असेच सर्वांना वाटले. मग त्याच पट्ट्यात पॅलस, जूनो, व्हेस्टा सापडले आणि सेरेसचे ग्रहपद हळूहळू गेले. तो मुख्य पट्ट्यातील पहिला लघुग्रह ठरला. १८४६ मध्ये तर नियमच कोसळला: नेपच्यून ३८.८ वर हवा होता, निघाला ३०.१ वर.

आता हा ३८.८ पाहा. केतकरांचा ३८.९५ आणि प्लूटोचा ३९.४८ त्याच्या शेजारीच बसतात. म्हणजे मोडीत निघालेला नियमही प्लूटोच्या इतक्या जवळ पोहोचला होता. निव्वळ अंतर जुळल्याने भाकीत सिद्ध होत नाही, ते यासाठीच.

लव्हेरिएने नेपच्यूनचे आकाशातील स्थान सांगितले होते, म्हणून बर्लिनमध्ये गालेला तो पहिल्याच रात्री, एका अंशाच्या आत सापडला. केतकरांनी अंतर आणि काळ एवढेच दिले. दुर्बीण कुठे रोखायची, कक्षा किती कललेली, किती लंबगोल, हे दिले नाही. प्लूटोची कक्षा १७ अंशांनी कललेली असून त्याचे अंतर सुमारे ३० ते ४९ असे बदलते. विष्णू तर कधीच सापडला नाही.

तरीही केतकरांची तालाची कल्पना पोकळ नव्हती. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, आणि या बंधनामुळेच दोघे एकमेकांजवळ येत नाहीत. हे १९६० च्या दशकात संगणकावरील गणितातून स्पष्ट झाले.

२००६ मध्ये सेरेस आणि प्लूटो दोघेही ‘बटुग्रह’ या एकाच रांगेत आले. लघुग्रहांच्या यादीत सेरेसचा क्रमांक १, प्लूटोचा १३४३४०. वाशिम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावाच्या काळोख्या आकाशात सेरेस अनुकूल काळी साध्या बायनॉक्युलरने दिसू शकतो. प्लूटोला मोठी दुर्बीण लागते, शिवाय वेगवेगळ्या रात्रींची छायाचित्रेही, कारण ताऱ्यांच्या गर्दीत कोणता ठिपका सरकला यावरूनच तो ओळखू येतो. टॉम्बोंनीही त्याला असेच ओळखले होते.