चित्रकथेचा संदर्भ द्यायचा कसा? चांदबीबी, वेताळ आणि विकिपीडियाचे साचे

इतिहासाच्या व्याख्यानमालेत विकिपीडिया आणि चित्रकथा कशाला, असं काहींना वाटेल. पण आजचा विषय इतिहासाचाच आहे. एखादी गोष्ट आपल्याला कुठून कळली, हे नीट नोंदवून ठेवलं नाही तर पुढे काय होतं, याबद्दल मी बोलणार आहे. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या नगरच्या उशाशीच उभं आहे.

पाथर्डीच्या रस्त्याने निघालं की शाह डोंगरावर ती अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते. आपण सगळे तिला काय म्हणतो? चांदबीबीचा महाल. सहली जातात, फोटो निघतात. आता वस्तुस्थिती अशी, की तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान, त्याची ती कबर. पण नाव एकदा तोंडात बसलं ते बसलं. कुणी, केव्हा, कशावरून हे नाव दिलं, याची नोंद कुठे नाही. नोंद नाही म्हणून ते खोडूनही काढता येत नाही. संदर्भ नसलेल्या गोष्टीचं असंच असतं, ती खरी ठरत नाही आणि मरतही नाही.

दुसरं उदाहरण त्याच चांदबीबीचं. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मोगलांना गेलं, नगर वाचलं. पुढे १६०० मध्ये दुसऱ्या वेढ्याच्या वेळी तिच्याच लोकांनी तिला मारलं. इथपर्यंत भक्कम इतिहास आहे. पण आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट वेगळी. तोफगोळे संपले, मग तिने तांब्याची नाणी तोफेत भरली, मग चांदीची, मग सोन्याची, आणि शेवटी दागिने.

ही गोष्ट आली कुठून? खाफीखान नावाचा मोगल इतिहासकार शंभराहून जास्त वर्षांनी लिहितो, आणि तो फक्त चांदीच्या गोळ्यांचा उल्लेख करतो. तांबं, चांदी, सोनं, मग जडजवाहीर ही चढती भाजणी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ च्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात दिली, पण देताना ती नगरकडची लोककथा आहे, असं म्हणूनच दिली. बघा, एल्फिन्स्टनने काय केलं? खाफीखानाचं खाफीखानाकडे ठेवलं, लोकांचं लोकांकडे ठेवलं. पुढे १८७८ मध्ये मेडोज टेलरने चांदबीबीवर कादंबरी लिहिली. विसाव्या शतकात अमर चित्रकथेने तिच्यावर अंक काढला. प्रत्येक टप्प्यावर गोष्ट रंगत गेली की नाही, हे तपासायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा दाखवता आला पाहिजे. कादंबरीचं पान सांगता येतं. चित्रकथेचं काय सांगायचं? इथून आपला विषय सुरू होतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिनाची तारीख आहे, लक्षात ठेवायला सोपी. तिथे 'साचा' नावाची एक सोय असते. गणपतीचा साचा असतो तसाच. माती कुणाचीही असो, मूर्ती एकसारखी निघते. संदर्भाच्या साच्यात ठरलेले रकाने असतात: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. तुम्ही रकाने भरता आणि लेखाच्या तळाशी नीटनेटका संदर्भ तयार होतो. वाक्याला आधार नसेल तर दुसरा संपादक तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण करून जातो. ही छोटीशी खूण मला फार आवडते. तिच्यात भांडण नाही, फक्त विचारणा आहे.

पुस्तकाचा साचा पुस्तकाला चालतो. तोच साचा चित्रकथेला लावला की पहिल्याच रकान्यात अडतो. लेखक कोण? चित्रकथा एका माणसाची नसते. कथा एकाची, संवाद कधी दुसऱ्याचे, पेन्सिलीने चित्र काढणारा वेगळा, त्यावर शाई फिरवणारा कधी वेगळा, रंग भरणारा वेगळा, आणि फुग्यांतली अक्षरं लिहिणारा आणखी वेगळा. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी चित्रकथांचा स्वतंत्र साचा आहे. त्यात या सगळ्यांना रकाने आहेत, शिवाय खंड, अंक, पान आणि चौकट. चौकट हा रकाना महत्त्वाचा. पानावर सहा चौकटी असतील तर चौथ्या चौकटीत काय आहे, हे नेमकं दाखवता येतं. वर्तमानपत्रातल्या पट्टीसाठी तर वेगळाच साचा आहे.

हे सगळं अमेरिकन चित्रकथा डोळ्यांसमोर ठेवून बनलेलं आहे. तिकडे १९९४ पासून हौशी लोक 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' नावाची सूची चालवतात, अंकातल्या एकेका कथेची श्रेयं नोंदवतात. आपल्याकडच्या चित्रकथा त्या साच्यात घालायला गेलं की काय होतं, ते तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिलं अमर चित्रकथा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसकडून ही मालिका सुरू केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांच्या भाषांतरांना गेले. म्हणून राम वाईरकरांनी चित्रं काढलेला 'कृष्ण' हा पहिला भारतीय अंक असूनही त्याचा क्रमांक अकरा. पुढे पुनर्मुद्रणांना नवे क्रमांक दिले गेले आणि तोच 'कृष्ण' पाचशे एक झाला. आता एका संपादकाने लिहिलं 'अंक ११' आणि दुसऱ्याने लिहिलं 'अंक ५०१', तर वाचणाऱ्याला ती दोन वेगळी पुस्तकं वाटणार. साच्यात अंकाचा एकच रकाना असेल तर दोघंही बरोबर आणि तरीही घोटाळा. उपाय अवघड नाही: मूळ क्रमांकाला एक रकाना, हातातल्या प्रतीच्या क्रमांकाला दुसरा. वर्षाचंही तसंच. पहिल्या आवृत्तीचं वर्ष वेगळं, पुनर्मुद्रणाचं वेगळं.

दुसरं इंद्रजाल कॉमिक्स. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांनी वेताळ वाचलेला असणार. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली, मराठीतही काढली. सुरुवातीचे बत्तीस अंक वेताळाचेच होते. पण वेताळाची मूळ गोष्ट अमेरिकन वर्तमानपत्रांतली पट्टी. लेखक ली फॉक, सुरुवात १७ फेब्रुवारी १९३६, पहिला चित्रकार रे मूर. इकडे येताना पट्टीच्या चौकटी पानाच्या मापात बसवल्या गेल्या आणि नावंही बदलली. वेताळाचा देश 'बंगाला' होता, तो इकडे 'डेंकाली' झाला. 'सिंग' नावाचे चाचे 'सिंगा' झाले, कारण उघड आहे, इथल्या वाचकांना ते आडनाव खटकलं असतं. म्हणजे मराठी विकिपीडियावर कुणी लिहिलं, 'वेताळ डेंकालीच्या जंगलात राहतो', तर ते इंद्रजालच्या अंकापुरतं बरोबर आहे, मूळ पट्टीला लागू नाही. संदर्भात नुसतं 'ली फॉक, १९३६' लिहिलं तर संदर्भच खोटा पडतो. त्यात अंकांचं गणित आहेच. बरीच वर्षं सलग क्रमांक चालले, मग खंड आणि अंक अशी पद्धत आली. एकाच मालिकेत दोन मोजमापं.

तिसरं चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागली. पुढे तिची पुस्तकं निघाली. आपल्यापैकी बहुतेकांकडे पुस्तक आहे, त्या दिवसाचं वर्तमानपत्र नाही. मग संदर्भ कशाचा द्यायचा? जे पाहिलं त्याचाच. पुस्तक पाहिलं तर पुस्तकाचं पान लिहा. पहिल्या प्रसिद्धीची तारीख छापलेली असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहा. न पाहिलेल्या वर्तमानपत्राचा हवाला देऊ नये. हा नियम चिंटूला लागू आहे आणि फारसी बखरीलाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं नवीनच खूळ दिसतंय. तर तसं नाही. नगरला ही शिस्त जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये इथूनच निघालं. जुन्या मराठी मासिकांवर 'पुस्तक अमुक, अंक तमुक' असं छापलेलं असायचं. पुस्तक म्हणजे आजच्या भाषेत खंड. वाचणाऱ्याला मागचा मजकूर परत शोधता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. साच्यातला 'खंड' हा रकाना म्हणजे तेच जुनं 'पुस्तक'. जुन्या अंकावर 'पुस्तक ४' दिसलं म्हणून कुणी पुस्तकाच्या रकान्यात भरू नये, इतकीच काळजी घ्यायची.

मग मराठीसाठी साचा सुधारायचा तर काय हवं? माझ्या मते पाच गोष्टी. एक, अनुवादकाचा रकाना, आणि तो वरच्या बाजूला, कारण आपल्या चित्रकथांचा मोठा भाग भाषांतरित आहे. दोन, मूळ भाषा आणि मूळ शीर्षक. तीन, मूळ क्रमांक आणि प्रतीचा क्रमांक वेगवेगळे. चार, अक्षरलेखकाचा रकाना मराठी आवृत्तीसाठी स्वतंत्र. चित्रं तीच राहतात, पण फुग्यांतलं देवनागरी दुसऱ्या हाताने लिहिलेलं असतं. पाच, पान आणि चौकट. आणि एक पथ्य: अंकावर नाव छापलेलं नसेल तर रकाना मोकळा सोडा. शैलीवरून 'हे प्रताप मुळीकांचंच असणार' असा अंदाज लिहू नका. मुळीक पुण्याचे, अमर चित्रकथेचे मोठे चित्रकार, पुढे त्यांनी नागराजही काढला. त्यांच्या नावावर दुसऱ्याचं काम चढवणं हा त्यांचाही अपमान आणि त्या दुसऱ्याचाही.

मोकळा रकाना वाईट नाही. मोकळा रकाना पाहून पुढचा माणूस शोध घेतो. चुकीचा भरलेला रकाना पाहून कुणीच शोधत नाही, उलट सगळे तोच उतरवून घेतात.

पण साचा कितीही चांगला केला तरी एक प्रश्न साचा सोडवत नाही. चित्रकथेचा संदर्भ कशासाठी द्यायचा? 'अमर चित्रकथेने चांदबीबीला अशी दाखवली' या वाक्यासाठी तो अंक उत्तम पुरावा आहे, त्याहून चांगला नाहीच. 'चांदबीबीने तोफेतून सोन्याची नाणी डागली' या वाक्यासाठी कुठलीही चित्रकथा पुरावा नाही, मग चौकट कितीही अचूक सांगा. तिथे खाफीखान काय म्हणतो, एल्फिन्स्टन काय म्हणतो, हे लिहावं लागेल. ज्ञानेश्वरांवर चित्रकथा आहे, अहिल्याबाईंवर आहे. नेवाशाच्या किंवा चौंडीच्या मुलाला आपल्या गावची पहिली ओळख त्या रंगीत पानांतून होत असेल तर आनंदच आहे. फक्त ओळख आणि पुरावा हे दोन वेगळे शब्द आहेत, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा आजचा आणि आपल्या जिल्ह्याचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. विकिपीडियावर एका आज्ञेत हजारो पानांवरचा शब्द बदलणारी साधनं असतात. लेखाच्या मजकुरात आजचं नाव यावं, ते योग्यच. पण संदर्भाच्या आत हात घालू नये. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'अहमदनगर' छापलेलं असेल तर शीर्षकात 'अहमदनगर'च राहिलं पाहिजे. प्रकाशनस्थळ जसं छापलं आहे तसंच राहिलं पाहिजे. यात नावाबद्दलची कुठलीही बाजू घेण्याचा प्रश्न नाही. उद्या कुणी ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक शोधेल तेव्हा ते जुन्याच नावाने नोंदलेलं असेल. संदर्भातलं नाव बदललं की पुस्तक कपाटात असूनही सापडणार नाही.

तेव्हा घरी माळ्यावर जुने इंद्रजाल, अमर चित्रकथा असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा आतलं पान उघडा. अंक क्रमांक, वर्ष, लेखक, चित्रकार, अनुवादक, जे जे छापलं आहे ते उतरवून घ्या. मुखपृष्ठाचा फोटो अपलोड करू नका, त्याचे हक्क प्रकाशकाचे असतात. माहिती मात्र सगळ्यांची. लेख लिहिता आला नाही तरी चालेल. एका लेखातला एक 'संदर्भ हवा' तुमच्या हातातल्या अंकाने भरला, तर त्या अंकाच्या चित्रकाराचं नाव एका जागी तरी बरोबर राहील.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि उत्तर देताना मी कशावरून बोलतोय, तेही जरूर विचारा.