रेघ कोणी ओढली?

चार्ल्स बूथने 1889 मध्ये पूर्व लंडनच्या दारिद्र्याचा नकाशा प्रसिद्ध केला. मध्यम कुटुंबाची आठवड्याची कमाई 18 ते 21 शिलिंग असेल तर ते ‘गरीब’, त्या गल्लीला फिकट निळा रंग. तळच्या वर्गाला काळा रंग. नाव काय, तर ‘दुराचारी, अर्धगुन्हेगार’! शिलिंग मोजता मोजता चारित्र्य कधी मोजले गेले?

1896–97 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात कृष्णवर्णीयांच्या दारोदार फिरले. 1899 च्या ग्रंथात त्यांनीही घराघराला चार श्रेणींचे रंग दिले. तळाची श्रेणी ‘गुन्हेगार’च राहिली. पण त्यांनी उत्पन्न, भाडे, धंदा यांचे आकडेही मांडले आणि वर्णद्वेषाने कामाची दारे कशी बंद केली, ते दाखवले.

1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवलेल्या देशातल्या आपल्याला हा शिक्का ओळखीचा आहे.

गट पाडल्याशिवाय नकाशा वाचता येत नाही, हे खरे. परंतु 21 आणि 22 मध्ये अंतर एका शिलिंगाचे; नकाशावर मात्र दोन जाती होतात. म्हणून मित्रहो, नकाशा हाती आला की विचारा : रेघ कोणी ओढली? मूळ आकडे कुठे आहेत?