मोटारीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

ऊसाच्या हंगामांत पलूसच्या रस्त्यानें रात्रीं बैलगाडी हांकणाऱ्याच्या डोळ्यांवर मोटारीचा झोत आला कीं त्यास अंधारी येते. रस्त्याची कड दिसेनाशी होते. किर्लोस्करवाडीच्या रूपानें १९१० सालींच यंत्रयुग पाहिलेला हा मुलूख!

मोटारींचा अखिल भारतीय कायदा प्रथम १९१४ सालीं झाला. १९३९ व १९८८ चे कायदे त्याचेच वारस. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील दिव्याचें माप मोठें मार्मिक आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढें, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंच असलेला डोळा दिपतां कामा नये. उजवीकडेच कां? आपण डावीकडून जातों. समोरचा येतो तो उजव्या अंगानें. म्हणजे हें माप धन्याच्या सोयीचें नसून परक्याच्या डोळ्याचें आहे.

मूळ दिव्यांत आरसा, कांच आणि बल्बची तार यांचा मेळ घातलेला असतो. त्याच खोबणींत बाजारांतला एलईडी बसविला कीं तो मेळ बिघडतो आणि प्रकाश वर उधळतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदल वाहनांत करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. २०२१ च्या नियमांनीं तर निरीक्षकाच्या नजरेऐवजीं यंत्रानें तपासणी करण्याची वाट उघडली.

ही सुधारणा मला इष्ट वाटते, पण अपुरी. मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा योग्यता-प्रमाणपत्रासाठीं वरचेवर उभ्या राहतात. खाजगी मोटार मात्र नोंदणीनंतर सहसा १५ वर्षें तपासणीस येत नाहीं. आणि झगझगीत दिव्यांची हौस बहुधा तिच्याच धन्यास! तोंवर त्याला अडवावें तें रस्त्यावरच्या पोलिसानें. आणि मध्यरात्रीं आडरस्त्याला पोलीस कोठें असतो?