संध्याकाळी पाचची प्रार्थना

जॅझ म्हटले की आपल्याकडच्या सोवळ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मद्यालय, धूर आणि कर्कश तुताऱ्या उभ्या राहतात. अमेरिकेतल्या कित्येक चर्चवाल्यांची समजूतही याहून निराळी नव्हती. वास्तविक एकाने हाक द्यावी आणि साऱ्यांनी ओ द्यावी, ही जॅझची रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येच वाढलेली. म्हणजे माहेरानेच लेकीला ओळख दाखवू नये, तसा हा प्रकार! 1966 साली ड्यूक एलिंग्टनच्या धार्मिक संगीताच्या कार्यक्रमाला वॉशिंग्टनच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांच्या परिषदेने पाठिंबा नाकारला. (गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वर गिरवलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले, तेव्हा हे नाते आपल्यालाही अगदीच परके नाही.)

न्यूयॉर्कचे लूथरपंथी पाद्री जॉन गेन्सेल मात्र वेगळ्या घडणीचे. ते रात्री क्लबांतून जात आणि ऐकत बसत. तिथे ऐकण्यासारखे काय असते? एक वादक चाल उचलतो, आपल्या मनाने फुलवितो; पियानो, बास आणि ड्रम त्याला आधार देतात. मग तो मागे सरतो, दुसरा पुढे येतो. मघाचा नायक आता साथीदार! ज्याची पाळी नसते त्याचेच काम मला अधिक अवघड वाटते. हात आखडून बसायचे नाही आणि दुसऱ्याच्या वर चढायचेही नाही. आपल्या भजनी मंडळात बुवा बहुधा शेवटपर्यंत बुवाच राहतात. चर्चमध्येही बोलण्याची जागा एकाची, बाके बाकीच्यांची. मंडळी जमतात खरी, पण एकमेकांचे ऐकतात किती?

गेन्सेल यांनी ऐकले. शनिवारी रात्रभर वाजविणारा वादक रविवारी सकाळी प्रार्थनेला येणार कसा? त्याच्या श्रद्धेवर प्रवचन झोडण्याऐवजी त्यांनी त्याच्या झोपेचा विचार केला. 1965 साली जॅझवाल्यांचे पाद्री म्हणून त्यांची रीतसर नेमणूक झाली आणि रविवारी संध्याकाळी पाचची जॅझ-प्रार्थना सुरू झाली. पुढे लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरचे सेंट पीटर्स चर्च हे या मंडळींचे हक्काचे घर झाले. एलिंग्टनने गेन्सेल यांच्यावर एक रचनाच केली. रात्रीच्या कळपाची राखण करणारा मेंढपाळ, अशा अर्थाचे तिचे नाव.

1967 साली एलिंग्टनचा जिवाभावाचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न गेला. त्याचा अंत्यविधी इथेच झाला. पाठोपाठ जुलैत जॉन कोल्ट्रेन गेला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. त्याचे दोन्ही आजोबा मेथडिस्ट धर्मोपदेशक. पण त्याला निरोप दिला तो या लूथरपंथी चर्चने. गेन्सेल यांनी विधी चालविला. आरंभी अल्बर्ट आयलरच्या संचाने वाजविले, शेवटी ऑर्नेट कोलमनच्या.