विक्रांतचा बॉयलर

गेल्या दिवाळीत आमच्या टीममधले चौघंजण क्रूझवर गोव्याला जाऊन आले. सोमवारी डबा खाताना फोटो निघाले. स्विमिंग पूल, डेकवरचा सूर्यास्त वगैरे नेहमीचा मसाला. त्यातल्या एकाने विचारलं, "काय रे, बोट नवी कोरी असेल ना?"

नवी कसली! कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. मधे काही वर्षं ती एका स्पॅनिश कंपनीकडे होती. २०१६ साली मूळच्या रॉयल कॅरिबियन कंपनीकडे परत आली तेव्हा तिची मोठी दुरुस्ती काढली, आणि घोडं अडलं कुठे, तर स्वयंपाकघरात. अमेरिकन आरोग्य खात्याच्या नियमांत ते बसेना. मार्चअखेर मायामीहून सुटायची बोट मे संपता संपता सुटली. सप्टेंबर २०२१ मध्ये ती मुंबईहून फेऱ्या करू लागली. डेडलाइन हुकणं ही काही फक्त आमच्या धंद्याची मक्तेदारी नव्हे.

पण फोटोत मागे बॅलार्ड पियरचा धक्का दिसला आणि मला दुसरंच जहाज आठवलं. तेही याच भागातून मोठ्या दुरुस्तीनंतर बाहेर पडलं होतं. फरक एवढाच की ती दुरुस्ती खऱ्या अर्थाने झालीच नव्हती.

मी वाढलो अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत. अख्खी कॉलनी केंद्र सरकारी नोकरांची. कुणाचे वडील कस्टम्समध्ये, कुणाचे इन्कम टॅक्समध्ये, आणि काहींचे नेव्हल डॉकयार्डात. ही मंडळी सकाळी कोळीवाड्याहून (स्टेशनाचं नाव आता जीटीबी नगर) हार्बरची गाडी पकडून व्हीटीला जायची आणि तिथून लायन गेट गाठायची. आमच्या मजल्यावरचे एक काका बॉयलरचं काम करायचे. काम कसलं ते कधी सांगायचे नाहीत, पण बॉयलर म्हणजे काय ते मला त्यांनी प्रेशर कुकर पुढे ठेवून समजावलं होतं. शिट्टी बिघडली तर बदलता येते, रबर बदलता येतं, पण खुद्द भांड्यालाच चीर गेली असेल तर काय कराल?

जून १९७० मध्ये 'विक्रांत'चं नेमकं हेच झालं.

आधी थोडा मागचा इतिहास. या जहाजाचं नशीबच मुळात थांबून राहण्याचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतलं, १९४५ मध्ये पाण्यात सोडलं, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये काम अर्धवट ठेवून दिलं. दहाएक वर्षं ते तसंच पडून होतं. १९५७ साली भारताने विकत घेतलं, बेलफास्टला पुरं करून घेतलं. ४ मार्च १९६१ रोजी ते नौदलात दाखल झालं आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत आलं. स्वागताला खुद्द पंडित नेहरू होते, बॅलार्ड पियरलाच.

१९६५ च्या युद्धात मात्र विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत. पाकिस्तानने तर ती बुडवल्याचं जाहीरही करून टाकलं! म्हणजे बघा, देशाची एकमेव विमानवाहू नौका, आणि युद्धात तिची कामगिरी काय, तर मुंबईच्या गोदीत बसून शत्रूच्या बातमीत बुडण्याची.

आता १९७०. विक्रांतला चार बॉयलर. प्रत्येकात खाली पाण्याचे ड्रम, वर वाफेचा ड्रम आणि मधे नळ्यांचं जंगल. तपासणीत पाण्याच्या ड्रमना बारीक तडे गेलेले आढळले. धातू आतून थकला होता. वेल्डिंगने भागणारं काम नव्हतं, ड्रमच बदलायला हवे होते. ते भारतात मिळत नव्हते म्हणून ब्रिटनकडे मागणी गेली. तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा नौदल मुख्यालयाचा हुकूम निघाला. जहाज पुन्हा धक्क्याला.

तिकडे १९७१ उजाडलं, पूर्व पाकिस्तान पेटू लागला. ड्रम काही आले नव्हते.

२६ फेब्रुवारी १९७१ रोजी विक्रांतला बॅलार्ड पियर एक्स्टेन्शनवरून हलवून समुद्रात नांगरावर नेलं. १ मार्चला, कित्येक महिन्यांनी, बॉयलर पेटले. कमी दाबावर. त्याच तडे गेलेल्या ड्रमनिशी. १८ मार्चला चाचणीसाठी जहाज बाहेर पडलं, दोन दिवसांनी परतलं. एप्रिलअखेर पुन्हा चाचणी झाली. मग ठरलं की दाब ४०० पीएसआयच्या वर न्यायचा नाही, पंखा पुढे जाताना मिनिटाला १२० फेऱ्यांच्या वर फिरवायचा नाही. वेग उरला १४ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम २६ किलोमीटर. मूळ जहाज २५ नॉटच्या आसपास पळणारं.

मालवाहू बोट असती तर उशिरा पोचली असती, एवढंच. विमानवाहू नौकेला वेग लागतो तो विमानासाठी. जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात धावलं की विमानाला आयता वारा मिळतो, उड्डाण सोपं होतं. शिवाय विमान फेकणारा कॅटापल्टही वाफेवरच चालायचा, आणि ती वाफ यायची याच बॉयलरमधून. म्हणजे एका ड्रममधल्या तड्याने दोन्हीकडून कोंडी केली. सीहॉक जेट आणि आलिझे विमानं आहेत, वैमानिक आहेत, आणि सगळं अडलंय तळघरातल्या लोखंडावर.

आमच्या भाषेत याला 'नोन इश्यू' म्हणतात. बग माहीत आहे, फिक्स हातात नाही, रिलीज टाळता येत नाही. मग लोड कमी ठेवायचा, लॉगवर डोळे लावून बसायचं. पण आमचा सर्व्हर पडला तर कुणी भाजत नाही. विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये माणसं उभी होती.

हा धोका पत्करायचा निर्णय नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांच्या काळातला. मला तो बेफिकिरीचा वाटत नाही. दुसऱ्या युद्धातही विक्रांत गोदीतच राहिली असती तर विमानवाहू नौका पाळायचीच कशाला, या प्रश्नाला नौदलाकडे उत्तर उरलं नसतं. शिवाय मर्यादा आकड्यांत बांधल्या होत्या, नुसतं 'बघू काय होतं ते' नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. पावसाळ्यात विक्रांत पूर्व किनाऱ्याकडे गेली, चारपैकी तीनच बॉयलर वापरत. तिला शोधत आलेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली (नेमकी कशाने, यावर दोन्ही देश अजून भांडतात). त्या वेळी विक्रांत दूर अंदमानात होती. ४ डिसेंबरला तिच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं, वैमानिकांच्या कथा पुस्तकांत आल्या. ते योग्यच. पण दाबाच्या काट्यावर नजर ठेवून खाली घामाने निथळणाऱ्यांची नावं मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत. असो.

बॉयलरचं खरं काम झालं ते १९७९ नंतरच्या मोठ्या दुरुस्तीत. त्याच दुरुस्तीत सी हॅरियर विमानांची सोयही झाली. ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली, मग बरीच वर्षं मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. देखभाल परवडेना म्हणून २०१४ साली लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी जहाज दारूखान्याला तोडायला आणलं. दारूखाना म्हणजे रे रोड. डॉकयार्डात जाताना कॉलनीतल्या माणसांची गाडी रोज ज्या स्टेशनावरून जायची, तेच. २०१६ साली बजाजने त्यातलं थोडं लोखंड वापरून 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली, ती आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही एक उभी असते.