घरातील बोक्याची 'फवारणी' कशी रोखावी?

बीड : वयात आलेला बोका शेपटी ताठ करून भिंतीवर, पडद्यावर लघवीची चिळकांडी मारतो. ही खोडी नसून हद्द आखण्याची त्याची रीत आहे. मारझोड केल्यास भीतीपोटी हा प्रकार वाढतो.

नसबंदी हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. त्यानंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते. शस्त्रक्रिया शक्यतो ५-६ महिन्यांच्या वयात करावी. त्यासाठी प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

बाहेरचा बोका दिसत असल्यास ती खिडकी झाकावी. मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक वाळूचा ट्रे ठेवावा. डाग एन्झाइमयुक्त द्रावणाने धुवावा. फिनाईल मात्र वापरू नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला पचत नाहीत व विषबाधा होते.

बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती फवारणी नव्हे. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने पशुवैद्य गाठावा.